बेघर प्रौढांचा निवारा: किती मोठा आणि कुठे?

रातराणी

गेली नऊ वर्षं मी बेघर प्रौढांच्या निवाऱ्यात रात्रपाळी करते. पहिली चार वर्षं तीनशे खाटांच्या निवाऱ्यात काढली, नंतरची पाच साठ खाटांच्या. सध्या आमच्याकडे निवाऱ्यांसाठी नवे नियम घाटत आहेत. मसुद्यात दोनच गोष्टी ठळक आहेत: एका निवाऱ्यात किती माणसं, आणि शाळा, वसाहती, बाजार यांच्यापासून निवारा किती लांब. हरकती-सूचनांची मुदत अजून आहे. लिहायला बसले आणि माझीच मतं तपासून घ्यावीशी वाटली, म्हणून हा धागा.

आधी आकाराबद्दल, कारण ते मी रोज पाहिलं आहे.

तीनशे खाटांच्या सभागृहात रात्री दिवे कधीच पूर्ण मालवत नसत. मालवले की चोऱ्या होत. माणसं चपला उशाखाली घेऊन आणि औषधांची पिशवी कमरेला बांधून झोपत. कुणी स्वप्नात ओरडला की आसपासचे पन्नास जण जागे होत. आम्ही कर्मचारी तिघं. तिघांना तीनशे नावं पाठ होत नाहीत, म्हणून खाटेच्या नंबराने हाक मारायचो. एका सकाळी एकशे अठ्ठ्याऐंशी नंबर उठला नाही. ते लक्षात आलं साडेदहाला, सफाईच्या बाईंनी पांघरूण ओढलं तेव्हा. डॉक्टर म्हणाले, मध्यरात्रीच्या सुमारास गेले असावेत. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच.

साठच्या निवाऱ्यात रात्री नऊपर्यंत एखादे आजोबा परतले नाहीत तर तीन माणसं येऊन मला सांगतात. माणसं तशीच आहेत, भांडणंही आहेत, दारू पिऊन येणारेही आहेत. फरक एवढाच की कुणीतरी कुणाची तरी वाट बघतं.

मर्यादा घालण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथे फोर्ट वॉशिंग्टन आर्मरी नावाच्या जुन्या लष्करी इमारतीत, कवायतीच्या अवाढव्य जमिनीवर, ऐंशीच्या दशकात हजाराच्या आसपास पुरुष ओळीने झोपत. १९९८ मध्ये तिथल्या नगर परिषदेने कायदा केला की प्रौढांच्या निवाऱ्यात २०० पेक्षा जास्त खाटा नकोत. महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, परिषदेने तो मोडून काढला आणि कायदा पक्का केला.

माझ्या अनुभवातून मला २०० सुद्धा जास्त वाटतात. पण जागेचं काय, 'अमुक मीटर लांब' या कलमाला काय म्हणावं, यावर माझं मन पक्कं नाही. कळकळीने विचारते आहे. विरोधातले असाल तर जरूर लिहा.

---

कोपऱ्यावरचा

मी विरोधातला आहे. निवाऱ्यापासून चाळीस पावलांवर राहतो. बेघर माणसांचा राग नाही, पण काय होतं ते सांगतो.

दार संध्याकाळी आठला उघडतं. पाचपासून रांग लागते, कारण उशिरा आलेल्याला खाट मिळत नाही. तीन तास दीडशे माणसं रस्त्यावर उभी. आत जाईपर्यंत शौचालय नाही, मग ती कुठे जातात हे सांगायला नको. सकाळी सहाला सगळ्यांना बाहेर काढतात. दिवसभर ती माणसं आमच्या जिन्यात, दुकानांच्या पायऱ्यांवर. माझी आई त्या रस्त्याने जायला घाबरते. तिला घाबरू नकोस म्हणून सांगणं सोपं आहे, पण रोज जायचं तिला आहे.

मी निवारा हलवण्याच्या अर्जावर सही केली आहे. अंतराचं कलम मला योग्य वाटतं.

---

रातराणी

>>तीन तास दीडशे माणसं रस्त्यावर उभी

स्पष्ट लिहिलंत, आभार. तुमच्या आईंना भीती वाटते ती खोटी नाही.

पण तुम्ही लिहिलेली एकेक गोष्ट पुन्हा बघा. रांग लागते कारण दार रात्रीच उघडतं आणि खाट रोज नव्याने मिळवावी लागते. रांग लांब असते कारण निवारा मोठा आहे. दिवसा माणसं जिन्यात बसतात कारण त्यांना सहाला बाहेर काढलं जातं. हा निवारा एक किलोमीटर पलीकडे नेला तर तीच रांग तिथे कुणाच्यातरी आईच्या रस्त्यावर लागेल.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात बेघरांच्या निवाऱ्यांबद्दल आदेश दिले, त्यात निवारे वर्षभर आणि चोवीस तास चालू असावेत हे होतं. त्याआधी डिसेंबर २००९ च्या थंडीत दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा पाडला गेला होता आणि त्यावरून प्रकरण न्यायालयापुढे आलं. चोवीस तास उघडं दार आणि ज्याची त्याची ठरलेली खाट, या दोन गोष्टींनी रांग जवळजवळ संपते. आमच्याकडे साठ खाटा आहेत आणि रांग नाही. बाहेरून बघणाऱ्याला इथे निवारा आहे हे कळतही नाही.

---

आराखडा

नगररचनेत काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

अंतराच्या कलमाचं गणित कागदावर मांडून बघा. शाळेपासून ५०० मीटर म्हटलं की एका शाळेभोवतीचं वर्तुळ जवळजवळ ७८ हेक्टरचं होतं. शहरातल्या प्रत्येक शाळेभोवती असं वर्तुळ काढा, मग प्रत्येक उद्यानाभोवती, मग प्रत्येक वसाहतीभोवती. नकाशावर उरतं काय? कचरा डेपोच्या मागची जमीन, नदीची पूररेषा आणि शहराबाहेरचा औद्योगिक पट्टा. कलमात 'बंदी' हा शब्द कुठेच नसतो, पण नकाशावर ती पूर्ण बंदीच असते. मी असे नकाशे स्वतः काढले आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये याच्यावर उलट बाजूने कायदा केला. प्रत्येक नगरपालिकेने निदान एक असा विभाग ठरवायचा जिथे निवाऱ्याला वेगळी खास परवानगी लागणार नाही, नियमात बसला की उभा राहिला. खाटांची कमाल संख्या नगरपालिका ठरवू शकते. दोन निवाऱ्यांमध्ये अंतर ठेवा असंही म्हणू शकते, पण ३०० फुटांपेक्षा जास्त अंतराची अट घालू शकत नाही. म्हणजे नियमांनाच मर्यादा घातली. मला ही कल्पना फार महत्त्वाची वाटते. निवाऱ्याला नियम हवेतच, पण नियम करणाऱ्यालाही एक रेषा आखून द्यायला हवी, नाहीतर प्रत्येक वॉर्ड निवारा शेजारच्या वॉर्डात ढकलतो.

आपल्याकडे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या बेघर निवारा योजनेत (२०१३) निकष बरे होते. एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमची सोय, एक निवारा साधारण ५० ते १०० जणांचा, माणशी ५० चौरस फूट जागा. आणि ठिकाणाबद्दल तर सरळ म्हटलं होतं की जिथे बेघर माणसं एकवटलेली आहेत आणि जिथे त्यांचं काम आहे, तिथून शक्य तितकं जवळ. म्हणजे निकष 'जवळ'चा होता. 'लांब' हा शब्द मसुद्यांत नंतर येऊन बसतो.

---

उंबरठा

मी चौदा महिने निवाऱ्यात राहिलो आहे. आता नाही. इथे लिहू की नको असा विचार दोन दिवस केला.

आमचा निवारा आधी स्टेशनच्या मागे होता. गळका होता, पण तिथून मजूर ठिय्या दहा मिनिटांवर. सकाळी साडेसहाला ठिय्यावर उभं राहिलं तर काम मिळतं, साडेसातला गेलं तर ठेकेदार माणसं घेऊन गेलेला असतो. मग तक्रारी झाल्या आणि निवारा शहराच्या टोकाला हलवला. नवी इमारत, फरशी, पंखे, सगळं चांगलं. पहिली बस सव्वासातला.

पहिल्या महिन्यात मला सहा दिवस काम मिळालं. आधी वीस-बावीस दिवस मिळायचं. दुसऱ्या महिन्यात मी निवारा सोडून परत स्टेशनबाहेर झोपायला लागलो, कारण तिथून ठिय्या गाठता यायचा. माझ्यासारखे बरेच. नवा निवारा अर्धा रिकामा राहिला आणि मग वर लिहून गेलं की 'बेघर लोकांना निवारा नकोच असतो'. मी ते वाक्य माझ्या कानाने ऐकलं आहे.

मला खाट हवी होती. पण काम घालवून खाट घेतली तर मी तिथून बाहेर कधी पडणार होतो?

---

चाफा

उंबरठा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

---

कलम_क्रमांक

उंबरठा यांनी सांगितलं तेच १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आलं आहे. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका. फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे की ही माणसं तिथे राहतात कारण त्यांचं तुटपुंजं काम तिथे जवळ आहे, आणि लांबून येण्याजाण्याचा वेळ व खर्च त्यांना झेपणारा नाही. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे याच निकालाने मांडलं.

तरीही शेवटी न्यायालयाने फुटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला. नोटीस द्या आणि पावसाळा संपल्यावर, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबा, एवढा दिलासा मिळाला. तत्त्व मोठं आणि हाताशी आलेलं थोडं, असा तो निकाल आहे. पण ठिकाणाबद्दल हरकत लिहिताना त्याचा आधार घ्यावा. घर आणि काम यांतलं अंतर हा सोयीचा प्रश्न नाही हे तिथे मान्य झालेलं आहे.

---

हिशेब

मी इथे सगळ्यांना आवडणार नाही असं लिहिणार आहे. मी निवारे चालवणाऱ्या एका संस्थेचे हिशेब बघतो. आमचा सगळा जीव या कामात आहे, तेव्हा गैरसमज नको.

रात्रीचा पहारेकरी साठ माणसांना एक लागतो आणि दीडशे माणसांनाही एक चालतो. व्यवस्थापक एक. स्वयंपाकघर एक. विजेची जोडणी एक. तीनशे खाटा एका ठिकाणी चालवायला जेवढी माणसं लागतात त्याच्या जवळजवळ तिप्पट माणसं पाच ठिकाणी साठ-साठ खाटा चालवायला लागतात. शिवाय पाच जागा शोधायच्या, पाच ठिकाणी शेजाऱ्यांचा विरोध सोसायचा, पाच परवानग्या काढायच्या.

कागदावर '३०० ऐवजी ६०' लिहिणं सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं? मोठा निवारा नियमात बसत नाही म्हणून बंद होतो. पाच लहान निवाऱ्यांपैकी दोन उभे राहतात. एकशे ऐंशी माणसं रस्त्यावर. रातराणीताई, तुम्ही ज्या एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरच्या आजोबांबद्दल लिहिलंत ते आत, छपराखाली गेले. मर्यादा आणली असती तर ते कदाचित बाहेर गेले असते, आणि मग साडेदहालाही कुणी पांघरूण ओढलं नसतं.

मर्यादेला माझा विरोध नाही. मर्यादा घालून जी माणसं बाहेर राहतील त्यांची जबाबदारी मसुद्यात कुणावर आहे, एवढंच विचारतो.

---

रुग्णसेविका

हिशेब यांचा मुद्दा खरा आहे, पण मोठ्या निवाऱ्याचा खर्च दवाखान्याच्या वहीतही मांडावा लागतो.

क्षयरोग हवेतून पसरतो. एका मोठ्या बंदिस्त सभागृहात शंभर-दोनशे माणसं आठ-दहा तास श्वास घेतात, त्यांत एकाला निदान न झालेला क्षय असला तरी पुरे. औषधं सहा महिने चालतात. रोज वेगळ्या खाटेवर झोपणाऱ्या माणसाच्या गोळ्या कोण देणार आणि कोण लिहून ठेवणार? लहान निवाऱ्यात मी आठवड्याला एकदा जाते, मला माणूस सापडतो. मोठ्यात मी त्याच माणसाला शोधत अर्धा दिवस घालवला आहे.

कोविडच्या सुरुवातीला, एप्रिल २०२० मध्ये, बॉस्टनच्या एका मोठ्या निवाऱ्यात ४०८ जणांची तपासणी झाली. १४७ जणांना लागण झालेली होती, म्हणजे छत्तीस टक्के. त्यांतल्या बहुतेकांना ताप-खोकला काहीच नव्हता, त्यामुळे लक्षणं बघून कुणाला वेगळं काढणं शक्यच नव्हतं. एकाच छताखाली जितकी माणसं, तितका एका संसर्गाचा घास मोठा.

म्हणून माझी विनंती अशी की मसुद्यात फक्त 'एकूण खाटा' लिहू नका. एका खोलीत किती खाटा, दोन खाटांत किती अंतर, खिडक्या किती, हे लिहा. शंभर खाटा दहा-दहाच्या खोल्यांत असतील तर ते शंभरच्या एका सभागृहापेक्षा कितीतरी बरं. जागा फारच कमी असेल तर निदान शेजारच्या दोन खाटांवर डोक्याची बाजू उलटसुलट ठेवा. बिनखर्चाचं आहे आणि आजपासून करता येतं.

---

रातराणी

हिशेब, तुमचा प्रतिसाद वाचून मी रात्रभर अस्वस्थ होते. ते आजोबा बाहेर गेले असते हे तुम्ही लिहिलंत, आणि ते खरं आहे. मी सुरुवातीला जो प्रश्न मांडला तो अर्धाच होता हे मला तुमच्यामुळे दिसलं.

न्यूयॉर्कचं उदाहरण मी दिलं, पण त्यातला आधीचा भाग सोडून दिला होता. तिथे १९९८ ची मर्यादा आली त्याच्या खूप आधी दुसरी गोष्ट झाली होती. १९७९ मध्ये रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने बावरी भागातल्या बेघर पुरुषांच्या वतीने खटला भरला. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत गरजूंना आधार देणं हे राज्याचं काम आहे असं म्हटलंय, मग निवारा हा हक्क आहे, असा त्यांचा दावा. १९८१ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला: पात्र असलेल्या प्रत्येक बेघर पुरुषाला शहराने खाट द्यायची. खाटेची रुंदी किमान ३० इंच, इतक्या बारकाईने लिहिलं. १९८३ मध्ये ते स्त्रियांनाही लागू झालं. ज्यांच्या नावाने खटला होता ते रॉबर्ट कॅलाहन हुकूमनामा व्हायच्या आधीच, १९८० मध्ये, रस्त्यावरच वारले.

म्हणजे तिथे आधी तळ बांधला गेला: कुणालाही परत पाठवायचं नाही. तळ बांधल्यावर शहराने हजार-हजार माणसं एका सभागृहात कोंबली, तेव्हा वरून छत घातलं: एका ठिकाणी २०० च्या वर नाही. जुन्या मोठ्या निवाऱ्यांना त्यातून सूटही दिली, एका रात्रीत बंद पाडले नाहीत. तळ आणि छत दोन्ही असले की शहराला तिसरा मार्गच उरत नाही, जास्त ठिकाणी निवारे उघडावेच लागतात.

आपल्या मसुद्यात फक्त छत आहे. तळ नाही. नुसत्या छताने काय होतं ते तुम्ही सांगितलंत: एकशे ऐंशी माणसं रस्त्यावर.

माझी सूचना आता अशी होते आहे. कमाल संख्या लागू व्हायच्या आधी तेवढ्याच खाटा दुसरीकडे चालू झालेल्या असल्या पाहिजेत. आधी खाट, मग मर्यादा. हा क्रम नियमातच लिहिलेला हवा.

---

हिशेब

हे मला मान्य आहे. एक भर: लहान निवाऱ्याला अनुदान माणशी देऊ नका. निवाऱ्याचा ठरलेला खर्च वेगळा आणि माणशी खर्च वेगळा धरा. आज माणशी दिलं जातं तिथे चालवणाऱ्याला खाटा वाढवल्याशिवाय पगार भागवता येत नाहीत. मग नियम साठचा असला तरी नव्वद माणसं आत येतात आणि वहीत साठ लिहिली जातात. मी अशा वह्या पाहिल्या आहेत.

---

पाऊलवाट

आकारावर बरंच झालं. जागेबद्दल एक गोष्ट राहते आहे, सगळे निवारे एकाच भागात का येतात?

जमीन स्वस्त, विरोध करणारे कमी शिकलेले, नगरसेवकाचं वजन कमी. म्हणून ज्या भागात आधीच तीन निवारे, एक डेपो आणि एक सांडपाण्याचं केंद्र आहे तिथे चौथा निवारा येतो. तिथले लोक विरोध करतात तेव्हा त्यांना निर्दय म्हणणं अन्यायाचं आहे. ते खरंच सगळ्या शहराचं ओझं एकटे उचलत असतात.

न्यूयॉर्कने १९८९ मध्ये शहराच्या सनदेत, म्हणजे शहराच्या मूळ कायद्यात, दुरुस्ती करून 'न्याय्य वाटा' हे तत्त्व आणलं, की शहराला नको वाटणाऱ्या सोयी ठेवताना कोणत्या भागात आधीच किती आहेत हे बघावं. पण 'बघावं' एवढंच, त्याला दात नाहीत. आणि जागा हे हत्यारही होऊ शकतं. १९९८ चा कायदा झाल्यावर महापौरांनी तो आणणाऱ्या परिषद सदस्याच्या मतदारसंघात निवारा काढायचा घाट घातला, त्यासाठी तिथे चालू असलेल्या लोकोपयोगी सोयी हटवायच्या होत्या. निवारा शिक्षा म्हणून वापरला की त्या भागातली माणसं त्याकडे शिक्षा म्हणूनच बघणार.

श्रीमंत भागात निवारा नेला तर काय होतं तेही तिथे दिसलं. मॅनहॅटनमध्ये वेस्ट ५८ व्या रस्त्यावर, अब्जाधीशांच्या उंच इमारतींच्या शेजारी, बंद हॉटेलात पुरुषांचा निवारा करायचं २०१८ च्या सुरुवातीला जाहीर झालं. खटले चालले, उघडायला २०२१ ची अखेर उजाडली. जवळजवळ चार वर्षं. गरीब वस्तीत इतका वेळ कोण लढणार?

म्हणून मला वाटतं, अंतर शाळेपासून मोजू नका. मोजायचंच तर एका निवाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत मोजा, आणि तेही थोडकंच ठेवा.

---

आराखडा

पाऊलवाट यांच्याशी बहुतांशी सहमत, पण एक सावधानता. दोन निवाऱ्यांमधलं अंतर वाढवत नेलं तर स्टेशन, मोठं रुग्णालय आणि घाऊक बाजार जिथे जवळजवळ आहेत तिथे एकच निवारा बसेल, आणि बेघर माणसं तर तिथेच सगळ्यात जास्त. वाटा न्याय्य हवा, पण गरज सगळीकडे सारखी नसते. मी अंतर कमी ठेवीन आणि प्रत्येक वॉर्डाला किमान संख्या देईन. वॉर्डाला 'तुमच्याकडे इतक्या खाटा, जागा तुम्ही सुचवा, वर्षभरात नाही सुचवली तर आम्ही ठरवू' असं सांगितलं की चर्चेचा सूर बदलतो.

---

नवी_पालवी

माफ करा, पण मला सगळ्या धाग्यात एक गोष्ट खटकते. आपण निवारा कायमचा धरून चाललो आहोत. हेलसिंकीत १९८५ मध्ये निवारे-वसतिगृहांत २,१२१ जागा होत्या, २०१६ मध्ये ५२ उरल्या. माणसं रस्त्यावर टाकली नाहीत. फिनलंडने २००८ पासून आधी घर द्यायचं, मग बाकीचं, असं धोरण घेतलं आणि जुने निवारे फोडून त्यांत भाड्याची छोटी घरं केली. स्वतःच्या दाराची किल्ली असलेल्या. निवाऱ्याच्या आकारावर इतकी शक्ती खर्च करण्यापेक्षा घरं मागूया ना.

---

उंबरठा

>>निवाऱ्याच्या आकारावर इतकी शक्ती खर्च करण्यापेक्षा

ताई, घर मिळालं तर कुणाला नकोय. पण मी चौदा महिने होतो तेव्हा मला घर कुणी देणार नव्हतं, आज रात्रीची खाट हवी होती. घरं येईपर्यंतच्या रात्री कोण मोजणार? दोन्ही मागा. मला निवाऱ्याने घरापर्यंत पोचवलं ते तिथल्या एका बाईंमुळे. त्यांनी माझी कागदपत्रं करून दिली, कारण मी रोज त्यांच्या समोर होतो. मोठ्या ठिकाणी मी त्यांना दिसलो नसतो.

आणि एक राहिलं. निवाऱ्याच्या दारावर भलीमोठी पाटी नको. कामावर पत्ता विचारतात तेव्हा पाटीवरचं नाव सांगितलं की काम जातं. घर क्रमांक आणि रस्ता पुरे.

---

नवी_पालवी

उंबरठादादा, पटलं. माझं 'त्यापेक्षा' चुकलं. 'त्याबरोबर' म्हणते.

---

चाफा

स्त्रियांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. स्त्रियांच्या निवाऱ्याला वेगळं माप हवं. तिथे वीस-तीस खाटासुद्धा खूप होतात. आणि जागा निवडताना नकाशावर कामाचं अंतर बघाल ते बरोबरच, पण बसथांब्यापासून दारापर्यंतची वाट रात्री नऊला चालून बघा. दिवे आहेत का, दुकान उघडं आहे का, कुणी बसलेलं असतं का. मी एका निवाऱ्याला फक्त त्या शेवटच्या दोनशे पावलांमुळे रिकामा राहिलेला पाहिलं आहे. जागा ठरवणारे सगळे दुपारी येऊन बघून गेले होते.

---

कोपऱ्यावरचा

चार दिवसांनी लिहितो आहे. रातराणीताईंनी व्यक्तिगत निरोप पाठवून बोलावलं होतं, म्हणून काल त्यांच्या निवाऱ्यात जाऊन आलो. सात ते दहा बसलो.

रांग नव्हती हे खरं. आजूबाजूच्या दोन घरी विचारलं, एकाने 'त्रास नाही' म्हटलं, दुसऱ्याने 'आधी होता, आता फोन केला की कुणीतरी येतं' म्हटलं. मला वाटतं माझ्या रस्त्यावर तेच नाही. तीन वर्षांत मला तिथल्या एकाही जबाबदार माणसाचा फोन नंबर मिळाला नाही. तक्रार केली तर वर्षभराने उत्तर येतं.

तेव्हा माझं म्हणणं बदललं आहे, पूर्ण नाही. निवारा हलवा हे मी मागे घेतो. पण माझ्या रस्त्यावरचा निवारा लहान करा, दिवसा उघडा ठेवा, आत शौचालयं वाढवा, आणि दारावर एक नंबर लावा जो रात्री दोनलाही उचलला जाईल. महिन्यातून एकदा शेजारी आणि निवाऱ्यातली माणसं समोरासमोर बसू देत. हे होणार नसेल तर मी परत विरोधात आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आईला अजून सांगितलेलं नाही.

---

रातराणी

आभार. तुमचं सगळं मसुद्यात घालते, फोन नंबरासकट.

काल रात्री बसून हरकत लिहून काढली. साधारण अशी: एका निवाऱ्यात १०० च्या वर माणसं नकोत, स्त्रियांच्या निवाऱ्यात त्याहून बऱ्याच कमी. एका खोलीत किती खाटा आणि दोन खाटांत किती अंतर हे वेगळं कलम. कुठलाही मोठा निवारा कमी करण्याआधी तेवढ्या खाटा दुसरीकडे चालू झालेल्या हव्यात. शाळा-वसाहतींपासूनच्या अंतराचं कलम काढून टाकावं आणि त्याजागी मजूर ठिय्या, रुग्णालय आणि पहिली बस यांच्यापासून चालत किती मिनिटं, हे मोजावं. प्रत्येक वॉर्डाचा किमान वाटा. दार चोवीस तास उघडं.

एका ठिकाणी अडले आहे. 'किती खाटा हव्यात' याला आधार म्हणून माझ्याकडे २०११ ची जनगणनाच आहे. २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत केलेली मोजणी, देशभरच्या शहरांत ९ लाख ३८ हजार बेघर. आपल्याकडे आज कुठे किती झोपतात हे कुणीच मोजलेलं नाही, आणि ते नसेल तर वॉर्डाचा वाटा कशावरून ठरवणार? मुदतीला बारा दिवस आहेत. येत्या शनिवारी रात्री अकरा ते दोन आपणच फिरून मोजायचं का? कुणाला उठवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, फक्त जागा आणि संख्या.

---

आराखडा

येतो. वॉर्डांचे नकाशे छापून आणतो, चौकोन पाडून. जोडीने फिरूया, एकट्याने नको.

---

रुग्णसेविका

येते. कुणी आजारी दिसलं तर पुढे काय करायचं ते आधी ठरवूया. माझ्याकडे रुग्णवाहिकेची सोय होऊ शकते.

---

उंबरठा

अकराला नको. अकराला अर्धी माणसं अजून जागा शोधत फिरत असतात, दोनदा मोजली जातील. एक ते चार ठेवा. स्टेशनचा मागचा भाग मला द्या. पुलाखाली आणि मालधक्क्यामागे कुठे झोपतात ते मला माहीत आहे, नकाशात ते दिसणार नाही.

---

कोपऱ्यावरचा

माझ्या रस्त्यापासून बाजारापर्यंत मी घेतो. उंबरठा, चालत असेल तर आधी तासभर तुमच्याबरोबर येईन, कसं बघायचं ते कळेल.

---

उंबरठा

या. पाऊणला स्टेशनच्या मागच्या फाटकापाशी. बॅटरी आणा, पण तोंडावर मारायची नाही.